मार्थाबाईंची तीनदा विणलेली शाल

मार्थाबाईंनी माझी ओळख करून घेतली ती पाठीमागून.

एकाहत्तर सालचा हिवाळा. लग्न होऊन आम्ही नुकतेच नगरला आलो होतो आणि भिंगारच्या रस्त्याला एका जुन्या आवारात दोन खोल्यांचं बिऱ्हाड मांडलं होतं. शेजारच्या दोन खोल्या मार्थाबाईंच्या, पुढं दोघींत मिळून एकच लांब व्हरांडा. सकाळी नळाला हंडा लावून मी काकडत उभी होते. अंगात आईनं लग्नात दिलेला जांभळा स्वेटर. तेवढ्यात कुणीतरी माझ्या डाव्या खांद्याखाली बोट टेकवलं आणि तिथंच ठेवलं.

"इथं एक टाका सुटलाय," मागचा आवाज म्हणाला. मी वळायला लागले तर, "हलू नका. खाली अजून एक दिसतोय."

ह्या शेजारीण असून मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झाल्या आहेत, हे मला हंडा भरेपर्यंत कळलं. तेवढ्यात स्वेटर माझ्या अंगातून त्यांच्या हातात गेला होता. मला वाटलं, बिचाऱ्या दोन टाके घालून संध्याकाळी परत देतील. संध्याकाळी गेले तर त्यांच्या खुंटीवर जांभळ्या, कुरळ्या लोकरीची एक भली मोठी लडी लटकत होती. खाली वजनाला दगड बांधलेला. स्वेटर नव्हताच.

"मुळातच चुकला होता," त्या शांतपणे म्हणाल्या.

नवा स्वेटर अप्रतिम झाला यात वाद नाही. तो झाला तेव्हा संक्रांत होऊन गेली होती आणि माठ विकायला आले होते. ती थंडी मी ह्यांच्या मफलरमध्ये काढली. आईला पत्रानं कळवलं तर तिनं उलट टपाली विचारलं की ही बाई आहे तरी कोण, आणि तिला माझ्या स्वेटरची पाठ बघायची गरजच काय होती.

मार्थाबाई उंच, सडसडीत. पांढरं, बारीक काठाचं लुगडं, आणि चष्मा कानांवरून घसरू नये म्हणून डोक्यामागून बांधलेला लोकरीचा गोफ. कोपराला कायम एक कापडी पिशवी. त्या पिशवीतून लोकर निघून त्यांच्या सुयांवर यायची आणि त्या चालत राहायच्या. रेशनच्या रांगेत विणायच्या, दवाखान्याच्या बाकावर विणायच्या, भाजीवाल्याशी घासाघीस करताना विणायच्या. रविवारी चर्चमध्ये मात्र सुया घरी. तिथं हात जोडलेले असायचे, पण उपदेश लांबला की जोडलेल्या हातांची बोटं आपोआप हलायला लागत, असं त्यांच्या बरोबरीच्या बायका सांगायच्या.

उन्हाळ्यातसुद्धा काही फरक नाही. नगरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही व्हरांड्यात पदरानं वारा घेत पडलेल्या असायचो आणि ह्या शेजारी वाटीत पावडर घेऊन बसलेल्या. घामानं लोकर मळू नये म्हणून दर थोड्या वेळानं बोटं पावडरमध्ये बुडवायच्या. एवढी लोकर ह्या गावात घालणार कोण, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं काही मी देवळात उभी राहून घंटा कशाला वाजवतात ते विचारलं होतं.

त्यांचा खरा जीव होता एका पत्र्याच्या ट्रंकेत. लहानपणी त्या बोर्डिंगात होत्या. तिथल्या एका मडमेनं त्यांच्या हातात पहिल्यांदा सुया दिल्या आणि ती बाई स्वदेशी परत जाताना आपली विणकामाची सगळी छापील पत्रकं ह्यांच्या हवाली करून गेली. कडुनिंबाचा वाळका पाला घालून, मलमलीत गुंडाळून ती ठेवलेली. पिवळी पडलेली, घड्यांवर फाटलेली. प्रत्येकावर एक चित्र आणि आत बारीक इंग्रजी अक्षरात विणीचा हुकूम. एकावर तोंडात पाइप धरलेला, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवलेला एक साहेब. एकावर टेनिसच्या बॅटी घेतलेल्या दोन गोऱ्या बायका. एकावर शालीत गुंडाळलेलं, गालफुगं हसरं बाळ.

शाळेतल्या मुलींना इंग्रजी नावं लक्षात राहीनात म्हणून बाईंनी ह्या मंडळींची केव्हातरी बारशी करून टाकली होती. पाइपवाला साहेब झाला भास्करराव. बॅटवाल्या विमल आणि कमल. ते बाळ बाळासाहेब. पुढं ही माणसं आमच्या आवारातच राहायला आल्यासारखी झाली. 'यंदा भास्कररावांचा बिनबाह्यांचा घेते,' असं त्या म्हणाल्या की कुणाला काही वेगळं वाटत नसे.

त्या पत्रकांत एक खूण असायची, छोटीशी चांदणी. वीण एका ठिकाणी आली की, चांदणीपासून परत करा, म्हणजे तिथून पुढचं पुन्हा विणा, असं छापलेलं असायचं. बाईंच्या बोलण्यात ते इतकं मुरलं होतं की कुणी एखादी हकिगत सांगताना मधेच फाटा फोडला की त्या सुया न थांबवता म्हणायच्या, "चांदणीपासून परत." आणि सांगणारा निमूटपणे मागं जायचा. मी आयुष्यात इतक्यांदा मागं गेले नसेन.

पत्रकात लिहिलंय ते शेवटचं, ही त्यांची श्रद्धा. त्यात एक टाका कमी नाही, एक जास्त नाही. आमच्या ह्यांच्यासाठी त्यांनी भास्कररावांचा पूर्ण बाह्यांचा घेतला. आमचे हे म्हणजे अंगानं उदबत्ती. भास्कररावांचे खांदे दारात न मावणारे. मी भीत भीत म्हटलं, बाई, थोडे टाके कमी घातले तर?

"ज्यानं लिहिलं त्यानं मोजून लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आपण मधे बोलायचं नाही."

तो स्वेटर घालून हे सायकलवरून कचेरीत जाताना बाह्या दुमडून जायचे. चांदणी चौकापर्यंत त्या सुटायच्या आणि हँडल दिसेनासं व्हायचं. त्याच सुमारास लढाई लागली होती, गल्लीतल्या बायका जवानांसाठी विणत होत्या, आणि बाईंनीही दोन भास्करराव पाठवले. मला अजून वाटतं की उत्तरेतल्या कुठल्यातरी धिप्पाड जवानाला ते चपखल बसले असणार. त्या पत्रकाला आमच्या जिल्ह्यात तरी माणूस सापडला नाही.

आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, बेलापूरहून आल्या तेव्हा त्यांनी लेकाला त्या स्वेटरात पाहिलं आणि पहिला प्रश्न केला की ह्यो सदरा कुनाचा. मी म्हटलं, भास्कररावांचा. मग कोण भास्करराव, ते तुझ्या ओळखीचे कसे, त्यांचे कपडे ह्याच्या अंगात कसे, अशी माझी उलटतपासणी सुरू झाली. शेवटी मी मायलेकांना बाईंकडे नेऊन चित्रच दाखवलं. आत्याबाईंनी ते लांब धरून पाहिलं.

"ह्यो तर सायेब हाय," त्या म्हणाल्या. "बिडी बी वाकडीच वढतोय. बाई, ह्याचं माप माझ्या ल्योकाला कसं व्हईल?"

मार्थाबाईंनी ह्यांच्याकडे नखशिखांत पाहिलं, मग चित्राकडे, आणि पूर्ण विचारांती म्हणाल्या, "होईल. जरा दूध-तूप वाढवा."

त्या दिवसापासून आत्याबाई आल्या की आधी बाईंच्या व्हरांड्यात बसायच्या.

बाईंचे यजमान फार पूर्वी गेले. एकुलती एक लेक करुणा. ती पाथर्डीच्या दवाखान्यात नर्स, जावई तिथंच मास्तर. मी यायच्या आधी करुणा एकदा बाळंत झाली होती. बाईंनी बाळासाहेबांची शाल विणून तयार ठेवली होती. पांढरी, पानांच्या जाळीची, किनारीला शिंपल्यांची वीण. ट्रंकेतलं सगळ्यात अवघड पत्रक ते. बाळ मात्र जन्मलं ते न रडताच. बाईंनी शाल उसवली, लोकर धुतली, ठेवून दिली.

हे मला ऐकून माहीत होतं. दुसऱ्या वेळचं मी पाहिलं. बहात्तरचा उन्हाळा. त्याच लोकरीची तीच शाल पुन्हा पुरी झालेली, आणि सातव्या महिन्यात पाथर्डीहून निरोप आला. बाई जाऊन लेकीजवळ राहून आल्या. आल्या त्या दिवशी एसटीची धूळही न झटकता त्यांनी शाल घेतली, शेवटचा टाका शोधला आणि ओढायला सुरुवात केली.

दुष्काळाचे दिवस. टँकरच्या मागं बादल्यांची भांडणं. बाईंच्या वाट्याला आलेल्या बादलीत त्यांनी आधी ती लोकर धुतली. लडी वाळली तेव्हा ती माझ्या दोन्ही हातांत अडकवून समोर गुंडा करायला बसल्या. मला रडू आवरेना आणि दोन्ही हात लडीत, नाक पुसायची सोय नाही. मी म्हणाले, बाई, ही लोकर नका ठेवू. कुणाला तरी देऊन टाका. नवी घ्या.

त्या गुंडाळत राहिल्या. गुंडा फिरवत म्हणाल्या, "लोकरीनं काय केलंय?"

पुढच्या वर्षी तिसऱ्या वेळी करुणाला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही कुणी शालीचा विषय काढला नाही. त्यांनी मात्र चांगला दिवस पाहून टाके घातले. फक्त एक गोष्ट वेगळी केली. सगळी शाल विणून झाली, वरची किनार तेवढी राहिली, आणि तिथं त्या थांबल्या. सुई तशीच टाक्यांत ठेवून शाल टोपलीत झाकली. किनार बाळ रडल्यावर, म्हणाल्या. पत्रकात असं थांबायला कुठं लिहिलंय, असं मी विचारलं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर ते गेलं असावं. असल्या भोळ्या समजुती विश्वासणाऱ्या माणसाला शोभत नाहीत, असं त्यांनी घरी येऊन सौम्यपणे सुचवलं. बाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की ही समजूत नाही, सावधगिरी आहे.

संक्रांत झाली आणि एका सकाळी व्हरांड्यात बाईंची सुई खाली पडली. मी आतून आवाज ऐकला. पडलेली सुई उचलल्याचा आवाज आला नाही, म्हणून बाहेर आले. त्या खुर्चीत बसल्या होत्या, सुईकडे बघत. उजवा हात मांडीवर पडलेला, ओठांचा एक कोपरा खाली ओढलेला. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली. अर्धांगवायू. हात, पाय आणि वाचा. सुधारेल का, विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बघू. दर वेळी तेच म्हणाले.

करुणाला नववा लागला होता. बाळंतपणाला माहेरी आली ती आईची नर्स होऊन. हळूहळू बाईंचे दोन-चार शब्द परत आले: पाणी, नको, करुणा. बाकी सगळं डोळ्यांत. त्या डोळ्यांकडे बघून आम्ही अंदाज करायचो, आणि आमचे अंदाज चुकले की त्या ते मिटून घ्यायच्या.

होळीच्या सुमाराला करुणाला मुलगी झाली. रडली. चांगली खणखणीत रडली, वॉर्डभर ऐकू गेलं. घरी आणून बाईंच्या डाव्या कुशीत ठेवली तेव्हा त्यांनी तिला खूप वेळ पाहिलं. मग मान वळवून टोपलीकडे पाहिलं. ह्या एका बाबतीत कुणाला अंदाज करावा लागला नाही.

बाप्तिस्मा ईस्टरच्या रविवारी ठरला. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी भेटायला यायच्या. त्यांतली एक विणकामात पटाईत. तिनं शाल उलगडून पाहिली आणि म्हणाली, बाई, ही किनार फार किचकट आहे, मी सोपी जाळी टाकून दोन दुपारींत संपवते.

"नको," बाई म्हणाल्या.

तिनं परोपरीनं सांगितलं. नको, नको. आणि मग डावा हात उचलून त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती. माझ्या विणकामाचा सगळा इतिहास म्हणजे बाईंनीच शिकवायला घेतलेला एक मोजा. तो टाचेपाशी अडला आणि पुढं किटली झाकायच्या कामी आला. त्या पटाईत मुलीला सोडून मी का, हे मला पहिल्याच दुपारी कळलं. मला काहीच येत नव्हतं, त्यामुळे माझं स्वतःचं म्हणून मी त्यात काही घुसडणार नव्हते.

मग रोज दुपारी आमची शाळा भरायची. करुणा मुलीला पाजता पाजता पत्रक वाचायची. ती इंग्रजी आद्याक्षरं तिलाही नीट लागायची नाहीत. मी सुया धरून बसलेली. आणि बाई डाव्या हाताच्या बोटांनी लोखंडी खाटेच्या कडेवर ठोका द्यायच्या. एक ठोका सुलट, दोन उलट. हात पालथा पडला की धागा पुढं. मूठ वळली की दोन टाके एकत्र. माझी पकड अशी, की टाके सुईवरून सरकायचे नाहीत, सुया कुरकुरायच्या. बाई माझ्या बोटांकडे बघत राहायच्या. आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्यानं आपल्या पोराला आंघोळ घालावी आणि त्याला धरायचं कसं हेही त्याला कळू नये, तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर असायचं. सांगता येत नव्हतं, हिसकावूनही घेता येत नव्हतं.

चूक झाली की ठोके थांबायचे. डावा हात सरकत यायचा, धागा पकडायचा आणि ओढायचा. उसवायला एकच हात पुरतो. माझी आख्खी दुपार डोळ्यांसमोर सुटून खाटेवर कुरळी होऊन पडायची आणि त्या माझ्याकडे बघायच्या. चांदणीपासून परत, असं त्यांना म्हणता येत नव्हतं एवढंच.

करुणा एकदा वैतागली. "आई, हिला मागणी यायला लागेल तोवर तरी होईल का गं ही शाल?"

बाईंचा डावा अर्धा चेहरा हसला. उजवा तसाच राहिला. करुणा उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मुलगी माझ्या मांडीवर, मी सुया हातात धरून बसलेली.

ईस्टरच्या आदल्या दुपारी किनारीच्या ओळी कशाबशा संपल्या. फक्त टाके मिटवायचे, म्हणजे सुईवरून एकेक उतरवून बंद करायचे राहिले. ऊन असं, की वाटीतली पावडर माझ्या बोटांवर चिखल व्हायची. बाईंचे ठोके संथ पडत होते, एकेक, एकेक. निम्म्याच्या पुढं गेले आणि एक टाका सुईवरून निसटला. मी तो पकडायच्या आत दुसरे दोन मिटवूनही टाकले होते. तिथं एक बारीकसं भोक राहिलं.

मी वर पाहिलं. बाईंनी ते पाहिलं होतं. डावा हात उचलला गेला, लोकरीपर्यंत आला, धाग्यावर टेकला. मी सुया खाली ठेवल्या, घ्या बाई, उसवा म्हटलं. उद्या सकाळी चर्च.

तो हात धाग्यावर राहिला. मग मागं गेला, खाटेच्या कडेवर आला. एक ठोका. पुढं चल.

मी पुढं चालले.

ईस्टर झाल्यावर जावई जीप घेऊन आले आणि दोघींना, तिघींना म्हणायला हवं, पाथर्डीला घेऊन गेले. गादी टाकून बाईंना मागं झोपवलं होतं. मी त्या दिवशी बेलापूरला होते, आत्याबाई आजारी होत्या. पाऊस पडायच्या आत बाई गेल्याचं करुणाचं पत्र आलं. ट्रंक तिच्याकडेच आहे, भास्कररावांसकट. त्यामुळे मला शेवटच्या दिसल्या त्या बाई म्हणजे त्या रविवारच्या.

आवारातल्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पहिल्या बाकापाशी नेऊन ठेवलं होतं. बाहेर डांबर पाघळत होतं आणि आत मुलगी लोकरीत गुंडाळलेली, लालबुंद. मागं बायकांची कुजबुज चालली होती. पाळकसाहेबांनी कपाळावर पाणी सोडलं तसा तिनं टाहो फोडला, लाथा झाडायला लागली, आणि त्या झाडाझाडीत एक पाय नेमका माझ्या हातून राहिलेल्या भोकातून बाहेर आला. आधी अंगठा, मग चवडा, मग घोटा.

गीत सुरू झालं होतं. करुणा मुलीला घेऊन आईजवळ येऊन बसली. प्रत्येक लाथेला तो सुटलेला टाका एकेक ओळ खाली उतरत होता. माझी किनार संपली आणि तो बाईंच्या पानांच्या जाळीत शिरला. एक पान गेलं, त्याखालचं गेलं. मला मागच्या बाकावरून सगळं दिसत होतं. हातात ना सुई ना काही, आणि भर गीतात उठून जाता येत नव्हतं. करुणा पाय आत ढकलायला बघत होती, तसा तो टाका जास्तच सुटत होता.

मग बाईंचा डावा हात आला. मला वाटलं, आता त्या धागा धरणार. त्यांच्या बोटांपाशीच तो लोंबत होता. त्यांनी धाग्याला हात लावला नाही. तो तळव्याएवढा पाय मुठीत घेतला आणि गीत संपेपर्यंत धरून बसल्या. मुलगी लाथा झाडत राहिली, शाल उसवत राहिली.